जालपृष्ठरचना, खातेसापेक्ष

एखाद्या संकेतस्थळावरील एकच पृष्ठ, स्वतःची ओळख पटवून आत आलेल्या वापरकर्त्यास एका मांडणीत व ओळख न देता आलेल्यास दुसऱ्या मांडणीत दाखविण्याच्या पद्धतीस खातेसापेक्ष पृष्ठरचना असे म्हणता येईल. नाव व पासवर्ड किंवा भ्रमणध्वनीवर आलेला एकवेळचा संकेतांक देऊन ओळख पटविण्याच्या क्रियेस व्यवहारात लॉगिन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत लॉगिन केलेल्या वापरकर्त्यास ‘खातेदार’ व न केलेल्यास ‘अभ्यागत’ असे म्हटले आहे. ही विभागणी त्या त्या वेळेपुरती असते. ज्याचे खाते आहे, पण ज्याने या खेपेस लॉगिन केलेले नाही, तो संकेतस्थळाच्या दृष्टीने अभ्यागतच ठरतो. आणि तोच मनुष्य दोन संगणकांवर एकाच वेळी खातेदार व अभ्यागत असा दोन्हीही असू शकतो.

दोन मांडण्यांतील भेद पृष्ठाच्या निरनिराळ्या अंगांत आढळतो. काही वेळा मजकूरच वेगळा असतो. उदा., बँकेच्या संकेतस्थळावर अभ्यागतास ठेवींचे व्याजदर व शाखांचे पत्ते दिसतात, तर खातेदारास आपली शिल्लक व अलीकडचे व्यवहार दिसतात. काही वेळा मजकूर तोच राहतो, पण त्यावर करावयाच्या क्रियांची साधने बदलतात. लेख दोघांनाही सारखाच वाचावयास मिळतो. परंतु तो दुरुस्त करण्याची, त्यावर खूण करून ठेवण्याची अगर त्यातील बदलांची सूचना मिळविण्याची सोय खातेदारापुढेच येते. तिसऱ्या प्रकारात केवळ बाह्य रूप, म्हणजे अक्षरांचा आकार, स्तंभांची रुंदी, रंगसंगती, संवादाची भाषा इ., खातेदाराच्या आवडीनुसार बदलते. पाहणाऱ्यास हे प्रकार वेगळे जाणवत नाहीत. बांधणी करणाऱ्यास मात्र ते काटेकोरपणे ओळखावे लागतात. कारण तिसऱ्या प्रकारात चूक झाली, तर फार तर अक्षरे लहान दिसतात, पण पहिल्या प्रकारात चूक झाली, तर एकाची खाजगी माहिती दुसऱ्याच्या हाती पडते.

पूर्वपीठिका : एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची कालविभाजन पद्धती १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉरबाटो यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड देण्याची प्रथा तेव्हापासूनची आहे. त्या व्यवस्थेत अभ्यागतास स्थान नव्हते. आधी ओळख, मग काम असा तिचा क्रम होता. जागतिक जालाची (वर्ल्ड वाइड वेबची) उभारणी नेमकी उलट्या टोकाकडून झाली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये जालाचा प्रस्ताव मांडला व १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर व पहिला सर्व्हर (पृष्ठे पुरविणारा संगणक अथवा त्यावरील आज्ञावली) सिद्ध केला. पत्ता ठाऊक असलेल्या कोणासही कागदपत्र मागता यावे, हा हेतू असल्याने तेथे सर्वच वाचक अभ्यागत होते.

पृष्ठांची मागणी व पुरवठा ज्या नियमांनी होतो, ती हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉल (एचटीटीपी) ही नियमसंहिता याच वृत्तीची आहे. तीत प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण मानलेली असते. एक पृष्ठ देऊन झाले, की सर्व्हरला मागणाऱ्याचे स्मरण राहत नाही. त्याच माणसाने क्षणानंतर दुसरे पृष्ठ मागितले, तरी ते नव्या माणसाने मागितल्यासारखेच असते. ही विस्मृती दोष नव्हे, तिच्यामुळेच एक सर्व्हर लाखो वाचकांना पुरा पडतो. परंतु जालावर खरेदी-विक्री सुरू होताच ग्राहकाने कोणत्या वस्तू निवडल्या, हे पुढील पृष्ठापर्यंत लक्षात ठेवणे भाग पडले. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यासाठी कुकी ही योजना काढली. सर्व्हर पृष्ठाबरोबर एक लहानशी अक्षरमाला पाठवितो. ब्राउझर ती जपून ठेवतो व त्या संकेतस्थळाकडे केलेल्या पुढील प्रत्येक मागणीसोबत परत पाठवितो. लॉगिन यशस्वी झाल्यावर सर्व्हर जी कुकी देतो, तीत एक दीर्घ व अंदाज न बांधता येणारा क्रमांक असतो आणि तो क्रमांक कोणाचा, ही नोंद सर्व्हरकडे राहते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही व्यवस्था आहे. बिल्ल्यावर नाव नसते; तो ज्याच्या हाती, त्याची वस्तू असे समजले जाते. म्हणूनच ही कुकी चोरीस गेल्यास पासवर्ड न कळताही खाते परहस्ते जाते. कुकीविषयीचे पहिले अधिकृत विनिर्देश १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. २००० व २०११ मध्ये ते नव्याने लिहिण्यात आले.

मजकूर व त्याचे दृश्य रूप यांची फारकत करणारी शैलीपत्रकांची (सीएसएस) कल्पना होकुन व्ह्यूम ली यांनी १९९४ मध्येच मांडली होती व डिसेंबर १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. शैलीपत्रक बदलले, की मजकुरास हात न लावता पृष्ठाचे रूप बदलते. १९९६ मध्येच याहू कंपनीने ‘माय याहू’ ही सेवा सुरू केली. तीत खातेदारास बातम्या, हवामान, शेअरबाजाराचे भाव यांचे चौकोन आपल्या पसंतीने निवडता व मांडता येत.

मांडणी कोठे ठरते : सर्वांत जुना व आजही सर्वाधिक वापरात असलेला मार्ग म्हणजे सर्व्हरवरच निर्णय घेणे. मागणीबरोबर आलेली कुकी तपासून आज्ञावली वापरकर्ता कोण ते ठरविते आणि त्यानुसार पृष्ठाचा साचा निवडते. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्डप्रेस या प्रकाशन-आज्ञावलीत लॉगिन झाले आहे किंवा नाही, एवढ्याच प्रश्नाचे ‘होय’ अथवा ‘नाही’ असे उत्तर देणारे एक फलन असते. साच्यात योग्य ठिकाणी ते वापरून खातेदारासाठी एक व अभ्यागतासाठी दुसरा असे भाग लिहिता येतात. यापेक्षा हलका उपाय म्हणजे साचा एकच ठेवून पृष्ठाच्या मुख्य घटकावर ‘लॉग्ड-इन’ अशी खूण लावणे. शैलीपत्रकात त्या खुणेचा आधार घेऊन एखादा स्तंभ रुंद करणे, एखादी पट्टी दाखविणे अगर लपविणे ही कामे करता येतात. वर्डप्रेसमध्ये २००९ पासून अशी खूण आपोआप उमटते. २०११ पासून खातेदाराच्या पृष्ठावर माथ्याशी एक काळी पट्टी येऊ लागली. ती रुंद पडद्यावर ३२ व अरुंद पडद्यावर ४६ चित्रबिंदू उंच असते आणि तेवढेच सर्व पृष्ठ खाली सरकते. ज्यांनी आपले शीर्षक पडद्याच्या वरच्या कडेला खिळवून ठेवले होते, त्यांचे शीर्षक या पट्टीखाली झाकले जाई व दोष केवळ खातेदारांनाच दिसे. रचनाकार स्वतः नेहमी खातेदार असतो, म्हणून हा दोष त्याला लगेच उमगे. याच्या उलट, केवळ अभ्यागतासच दिसणारे दोष महिनोन्‌महिने तसेच राहतात, कारण ते पाहण्याजोग्या स्थितीत रचनाकार क्वचितच असतो.

दुसऱ्या मार्गात सर्वांना एकच पृष्ठ पाठविले जाते व त्यात काही जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात. पृष्ठ ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर त्यातील जावास्क्रिप्ट भाषेतील लघुआज्ञावली सर्व्हरकडे स्वतंत्र विचारणा करून खातेदाराचे नाव, सूचनांची संख्या इ. आणते व त्या जागा भरते. सर्व्हरवरचा भार यामुळे कमी होतो. परंतु उत्तर येईपर्यंतच्या अवधीत खातेदारास अभ्यागताची मांडणी दिसते व मग ती डोळ्यांदेखत बदलते. ‘लॉगिन करा’ या कळीवर बोट ठेवावयास जावे, तो तेथे दुसरेच काही येते. मांडणीच्या अशा सरकण्याचे मापन गूगल कंपनीने २०२० मध्ये पृष्ठगुणवत्तेच्या आपल्या प्रमुख निकषांत समाविष्ट केले. रिकाम्या जागेची उंची व रुंदी आधीच राखून ठेवणे, हा यावरील साधा व पुरेसा उपाय आहे.

साठवणुकीचा प्रश्न : खातेसापेक्ष रचनेतील खरी अडचण साचे लिहिण्यात नाही; ती पृष्ठांच्या साठवणुकीत आहे. मोठ्या संकेतस्थळावरील बहुसंख्य मागण्या अभ्यागतांच्या असतात व त्या सर्वांना तेच पृष्ठ हवे असते. प्रत्येक वेळी विदागार (डेटाबेस) चाळून ते नव्याने रचण्याऐवजी एकदा रचलेली प्रत मधल्या संगणकांवर ठेवून तीच पुढील मागणाऱ्यांना देणे किफायतशीर ठरते. या मधल्या साठ्यास सामायिक साठा म्हणतात. स्क्विड ही यासाठी दीर्घकाळ वापरात असलेली आज्ञावली होय. नॉर्वेतील व्हर्डेन्स गांग या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी डॅनिश तंत्रज्ञ पोल-हेनिंग काम्प यांनी रचलेली व्हार्निश ही आज्ञावली २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. बातमीपत्रासारख्या, वाचणारे असंख्य व लिहिणारे मोजके अशा स्थळांना अशा साठ्याचा मोठाच लाभ होतो. पण ज्या क्षणी पृष्ठावर ‘नमस्कार, अमुक’ अशी एक ओळ येते, त्या क्षणी ती प्रत दुसऱ्या कोणास देण्याजोगी राहत नाही.

एचटीटीपीमध्ये यासाठी निर्देश आहेत. पृष्ठासोबत ‘प्रायव्हेट’ असा निर्देश पाठविल्यास ते केवळ मागणाऱ्याच्या ब्राउझरने साठवावे, मधल्या संगणकांनी साठवू नये, असा अर्थ होतो. ‘नो-स्टोअर’ या निर्देशाने कोणीच साठवू नये असे सांगितले जाते. येथे एक बारकावा आहे व अनेक अपघातांचे मूळ त्यातच सापडते. एचटीटीपीच्या स्वतःच्या ओळखपद्धतीने, म्हणजे ‘ऑथरायझेशन’ या शीर्षकओळीतून, आलेल्या मागणीचे उत्तर स्पष्ट अनुज्ञेखेरीज सामायिक साठ्यात ठेवता येत नाही, असा नियम आहे. कुकीला मात्र असे संरक्षण नाही. पृष्ठासोबत कुकी दिली गेली, म्हणून ते साठविण्यास नियमाने मनाई होत नाही. २०२२ मध्ये पुनर्लिखित झालेल्या विनिर्देशांतही हे स्पष्ट म्हटले आहे. आजची जवळजवळ सर्व लॉगिने कुकीवर चालतात. म्हणजे नियम ज्या दाराला कुलूप लावतो, त्या दाराने कोणी येतच नाही. रचनाकाराने निर्देश लिहिण्यास विसरल्यास दुसरे दार उघडेच राहते.

‘व्हेरी’ या निर्देशाने, कुकी वेगळी असेल तर प्रतही वेगळी धरावी, असे साठ्यास सांगता येते. कागदावर हा उपाय निर्दोष आहे, पण प्रत्यक्षात तो साठाच निरुपयोगी करतो. जाहिराती व वाचकगणना यांसाठीच्या कुकीही त्याच शीर्षकओळीत येतात व त्या प्रत्येक अभ्यागताच्या वेगळ्या असतात. त्यामुळे कोणत्याही दोघांच्या मागण्या जुळत नाहीत आणि एकच पृष्ठ शेकडो वेळा साठविले जाते. रूढ तोडगा असा, की साठ्याच्या दाराशीच कुकींची छाननी करावी. लॉगिनची कुकी असल्यास मागणी थेट मूळ सर्व्हरकडे जाऊ द्यावी आणि नसल्यास उरलेल्या सर्व कुकी बाजूस सारून सर्वांसाठी एकच प्रत वापरावी. वर्डप्रेससाठीचे बहुतेक साठवण-जोडभाग हेच करतात. पृष्ठाचे तुकडे पाडून, सामायिक तुकडे साठ्यातून व खाजगी तुकडे मूळ सर्व्हरकडून आणून ते वाटेतच सांधण्याची ‘एज साइड इन्क्लूड्स’ ही पद्धती अकामाई, ओरॅकल इ. कंपन्यांनी २००१ मध्ये सुचविली. ती कल्पक असली, तरी तुकड्यांची संख्या वाढताच तिचा हिशोब ठेवणे जिकिरीचे होते.

ही व्यवस्था बिघडली म्हणजे काय होते, याचे बोधक उदाहरण २५ डिसेंबर २०१५ रोजी घडले. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे स्टीम हे संगणकीय खेळांच्या विक्रीचे संकेतस्थळ आहे. नाताळच्या दिवशी त्यावर खोट्या मागण्यांचा मुद्दाम भडिमार करण्यात आला. तो परतवून खऱ्या ग्राहकांची सोय व्हावी म्हणून साठवणुकीचे नियम तातडीने बदलण्यात आले. बदललेल्या एका नियमावलीत खातेदारांची पृष्ठेही साठविली जाऊ लागली. परिणामी सु. दीड तास काही ग्राहकांना स्वतःच्या खात्याऐवजी परक्याच्याच खात्याचे पृष्ठ दिसत होते. काहींवर देयकाचा पत्ता, ई-मेल, खरेदीचा इतिहास, दूरध्वनीचे शेवटचे चार व क्रेडिट कार्डाचे शेवटचे दोन अंक होते. कंपनीने पुढे दिलेल्या निवेदनानुसार सु. ३४,००० ग्राहकांची माहिती अशा रीतीने उघड झाली असावी. कोणीही पासवर्ड चोरला नव्हता की सर्व्हरमध्ये शिरले नव्हते, ही या घटनेतील लक्षणीय बाब होय. संपूर्ण कार्डक्रमांक पृष्ठावर मुळातच छापले जात नसल्याने तेवढे बचावले. खातेदाराच्या पृष्ठावरही आवश्यक तेवढीच माहिती दाखवावी, या सावधगिरीचे मोल अशा प्रसंगी कळते.

अशी चूक मुद्दाम घडवूनही आणता येते. इझ्राएली सुरक्षातज्ञ ओमर गिल यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की खात्याच्या पृष्ठाच्या पत्त्यापुढे अस्तित्वात नसलेल्या एखाद्या शैलीपत्रकाचे नाव जोडले, तर काही सर्व्हर ती शेपटी दुर्लक्षून खात्याचेच पृष्ठ देतात. वाटेतील साठा मात्र त्या शेपटीवरून ते सर्वांसाठीचे शैलीपत्रक समजून साठवून ठेवतो. असा पत्ता खातेदारास उघडावयास लावून, मग हल्लेखोराने तोच पत्ता अभ्यागत म्हणून उघडला, की खातेदाराचे पृष्ठ त्याच्यापुढे येते. पेपाल या देयकसेवेवर त्यांनी हा दोष सिद्ध केला व नंतर तो दूर करण्यात आला. साठवावे की नाही, हे पत्त्याच्या रूपावरून न ठरविता सर्व्हरच्या स्पष्ट निर्देशावरून ठरविणे, हे त्यावरचे मुख्य उत्तर होय.

विकिपीडियाचे उदाहरण : कोणासही वाचता व बहुतांशी संपादिता येणाऱ्या या ज्ञानकोशाच्या संकेतस्थळावर दोन मांडण्यांचा मेळ कसा घातला आहे, ते पाहण्यासारखे आहे. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली. अभ्यागताची मागणी सामान्यतः साठ्यातूनच पुरविली जाते (पूर्वी यासाठी स्क्विड व नंतर व्हार्निश वापरण्यात आली) आणि लेखात बदल झाला, की जुनी प्रत रद्द करण्याचा संदेश सर्व साठ्यांना जातो. खातेदाराची मागणी साठा ओलांडून मूळ सर्व्हरपर्यंत जाते. त्यामुळे खातेदारास निरीक्षणसूची, लेखाचे स्थानांतर करण्याची कळ, सूचनांची घंटा यांखेरीज रूपाचीही निवड मिळते. २०१० मध्ये मुख्य रूप म्हणून ‘व्हेक्टर’ आले, तेव्हा २००४ पासूनचे ‘मोनोबुक’ हे रूप आवडणाऱ्या खातेदारांनी ते तसेच ठेवले. १८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी आवृत्तीने ओळींची लांबी मर्यादित करणारे नवे ‘व्हेक्टर २०२२’ हे रूप स्वीकारल्यावरही जुने रूप खातेदारांना खुले राहिले. खातेदार स्वतःचे शैलीपत्रकही लिहू शकतो. ते केवळ त्याच्यापुरते लागू होते.

अभ्यागताला मात्र निवड नव्हती व तिचे कारण शुद्ध तांत्रिक होते. एखाद्या पृष्ठाच्या प्रत्येक रूपाची व प्रत्येक संवादभाषेची वेगळी प्रत ठेवावयाची, तर साठा कित्येक पटींनी फुगेल. म्हणून संवादभाषा पसंतीक्रमांत कायमची बदलण्याची सोय खातेदारासच आहे. अभ्यागतास पत्त्याच्या शेवटी भाषेचा संकेत जोडून तेवढ्या पृष्ठापुरती ती बदलता येते, पण पुढील पृष्ठावर पुन्हा मूळ भाषा येते. ज्यांना मोठी अक्षरे लागतात किंवा काळी पार्श्वभूमी डोळ्यांस सोसते, अशा वाचकांनी केवळ त्यासाठी खाते उघडावे, ही अपेक्षा वाजवी नव्हती. अलीकडे त्यावर एक सुबक तोड काढण्यात आली आहे. सर्वांना एकच साठविलेली प्रत पाठविली जाते. तिच्या आरंभी एक अगदी छोटी लघुआज्ञावली असते. ती ब्राउझरमधील कुकी वाचते व पृष्ठ रंगविले जाण्यापूर्वीच त्याच्या मूळ घटकावरील खुणा बदलते. शैलीपत्रकात सर्व पर्याय आधीच लिहिलेले असतात. निर्णय रंगकामाच्या आधी होत असल्याने पृष्ठ लुकलुकत नाही व साठ्याची एकच प्रत पुरते. काळ्या पार्श्वभूमीची सोय या मार्गाने २०२४ मध्ये अभ्यागतांनाही मिळाली. खाजगी असे काहीच सर्व्हरकडून येत नसल्याने या पद्धतीत गळतीची भीतीही नाही. सार्वजनिक संकेतस्थळांनी, विशेषतः सरकारी स्थळांनी, ती उचलण्यासारखी आहे.

या ज्ञानकोशावर अभ्यागताने संपादन केल्यास त्याच्या नावाच्या जागी संगणकाचा जालपत्ता (आयपी पत्ता) कायमचा व सर्वांना दिसेल असा नोंदला जात असे. ओळख न देणाऱ्याची ओळख अधिक उघडी पडावी, हा विरोधाभासच होता. २०२४ च्या अखेरीपासून काही भाषांतील आवृत्त्यांवर व नंतर टप्प्याटप्प्याने इतरत्र अशा संपादकास कुकीच्या आधारे तात्पुरते खाते देण्यात येऊ लागले. खातेदार व अभ्यागत यांच्या मधली ही तिसरी अवस्था होय.

लपविणे व न पाठविणे : शैलीपत्रकाने एखादा भाग अदृश्य केला, म्हणजे तो अभ्यागतापासून राखला गेला, हा समज सार्वत्रिक असला तरी घातक आहे. अदृश्य भाग पृष्ठाच्या मूळ संहितेत जसाच्या तसा असतो व ती संहिता उघडून पाहणे कोणत्याही ब्राउझरमध्ये दोन कळींचे काम आहे. कळ लपविल्याने क्रियाही थांबत नाही, कारण कळ दाबल्यावर सर्व्हरकडे जाणारी मागणी हाताने लिहूनही पाठविता येते. म्हणून मांडणीतील भेद सोयीसाठी मानावा आणि अधिकाराची तपासणी सर्व्हरवर, प्रत्येक मागणीच्या वेळी, स्वतंत्रपणे करावी, असा दंडक आहे. तो पाळला जात नाही असे अनुभवास येते. जालसुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमुख दोषांच्या यादीत अधिकारनियंत्रणातील ढिलाईस पहिले स्थान दिले होते.

वृत्तपत्रांच्या वर्गणीबंद पृष्ठांवर हा भेद रोज दिसतो. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये अभ्यागतांना महिन्याला २० लेख मोफत वाचू देण्याची पद्धत सुरू केली व पुढील वर्षी ही संख्या १० वर आणली. अशी मोजणी अभ्यागताच्या कुकीवर अवलंबून असल्याने कुकी पुसणाऱ्याची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संपूर्ण लेख पाठवून वर पडदा टाकणारी वृत्तपत्रेही आहेत. शोधयंत्राला लेख वाचता यावा, हे त्याचे एक कारण असते. शोधयंत्र हे सदैव अभ्यागत असते. ते लॉगिन करीत नाही. त्याला एक मजकूर व माणसाला दुसरा मजकूर दाखविणे फसवणूक समजले जाते. वर्गणीच्या लेखांसाठी गूगलने आधी शोधातून आलेल्या वाचकास पहिला लेख मोफत देण्याची अट घातली होती. ती ऑक्टोबर २०१७ मध्ये मागे घेण्यात आली व लेख वर्गणीबंद असल्याची खूण संहितेत करण्याची पद्धत रूढ झाली.

रचनेतील विचार : दोन्ही मांडण्यांत सामायिक घटकांची स्थाने शक्यतो बदलू नयेत. शोधपेटी, मुख्य सूची व मजकुराचा आरंभ जेथे अभ्यागतास सापडतो तेथेच खातेदारास सापडावा. लॉगिनच्या दुव्याची जागा नंतर खातेदाराच्या नावाने घ्यावी. अभ्यागतास एखादी क्रिया करावयाची असल्यास तिची कळ समूळ नाहीशी करण्याऐवजी ती दाखवून लॉगिनकडे नेणे व लॉगिन झाल्यावर त्याच पृष्ठावर, त्याच जागी परत आणणे श्रेयस्कर ठरते. ज्या क्रियेचा अधिकार त्याला खाते उघडूनही मिळणार नाही, ती मात्र दाखवू नये. लॉगिनची मुदत संपण्याचा प्रसंगही ध्यानात घ्यावा लागतो. समोरचे पृष्ठ खातेदाराच्या मांडणीत असते, पण सर्व्हरच्या लेखी तो अभ्यागत झालेला असतो. लांबलचक अर्ज भरून पाठविल्यावर हे कळले व भरलेले सारे नाहीसे झाले, हा अनुभव पुष्कळांना येतो. भरलेला मजकूर राखून ठेवून केवळ पुन्हा लॉगिन मागणे सहज शक्य असते. ते न करणे हा आळस होय.

महाराष्ट्रात जमिनीच्या अधिकार अभिलेखाचा गाव नमुना सात-बारा जालावर दोन रूपांत मिळतो, तो या विषयाचा एक परिचित दाखला आहे. महाभूलेख या स्थळावर अभ्यागतास केवळ माहितीसाठी, स्वाक्षरीविना उतारा पाहता येतो. कायदेशीर कामास चालणारा अंकीय स्वाक्षरीचा उतारा मिळविण्यासाठी दुसऱ्या स्थळावर लॉगिन करून शुल्क भरावे लागते. येथे एकाच पृष्ठाच्या दोन मांडण्या न करता दोन स्वतंत्र स्थळेच ठेवलेली आहेत. गुंतागुंत टाळण्याचा तो एक मार्ग खरा, परंतु कोणत्या कामासाठी कोठे जावयाचे, हे शोधण्याचा भार त्यामुळे नागरिकावर पडतो.

अनेक नागरिक असे व्यवहार स्वतःच्या संगणकावर न करता आपले सरकार सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानात बसून करतात. तेथे दिवसभरात एकाच ब्राउझरमधून कित्येक जण लॉगिन करून जातात. लॉगआउट केल्याने सर्व्हरकडील नोंद मोडते, म्हणजे बिल्ला रद्द होतो. तरीही ब्राउझरने आधी दाखविलेली पृष्ठे स्वतःच्या साठ्यात ठेवलेली असू शकतात व ‘मागे’ या कळीने ती पुढच्या माणसास दिसू शकतात. केवळ ‘प्रायव्हेट’ हा निर्देश अशा ठिकाणी पुरत नाही, कारण तो ब्राउझरला साठविण्याची मुभा देतोच. उतारे, दाखले, वैद्यकीय अहवाल अगर बँकेची शिल्लक दाखविणाऱ्या पृष्ठांवर ‘नो-स्टोअर’ हाच निर्देश द्यावा लागतो. त्याबरोबरच लॉगिनच्या कुकीची मुदत थोडी ठेवणे व लॉगआउटची कळ खातेदाराच्या मांडणीत, सूचीच्या आत न दडविता, उघड्यावर ठेवणे आवश्यक असते.